नकोबाईंचं एक ‘हवं’

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे नकोबाई म्हणत. हे नाव मी ठेवलं होतं. आजवर कोणी विचारलं की मी म्हणायचो, काय माहीत, पडलं असेल कसंतरी. पडलं नव्हतं. पवईच्या जुन्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, इडलीची प्लेट हातात धरून, मी ते पहिल्यांदा उच्चारलं आणि टेबलावरचे सगळे खदखदून हसले. त्या हसण्याने मला किती बरं वाटलं होतं, तेही आठवतं.

त्यांचं खरं नाव मी लिहिणार नाही. परवानगी मागितलेली नाही, आणि ती मागायचा हक्क आपल्याला उरलाय असं मला वाटत नाही.

आमची कंपनी लहान. आम्ही नेटवर्कचे डबे बनवायचो. इमारतीत प्रत्येक मजल्यावर एखाद्या कपाटात, नाहीतर जिन्याखाली, हिरवे दिवे मिचकावत बसलेले असतात ते. इंटरनेट, फोन, कॅमेरे, सगळं त्यांच्यातून जातं आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. असे दूरदूर पसरलेले डबे ऑफिसात बसून चालवायचे असतात. तुझा पत्ता बदल, हे दार बंद कर, ते उघड. हे सांगायला एक ठरलेली भाषा लागते. तिला आम्ही प्रोटोकॉल म्हणायचो आणि तिच्यातल्या क्रियापदांना ऑपरेशन. कुठली क्रियापदं या भाषेत असावीत आणि कुठली नसावीत, एवढंच ठरवायला आम्ही चार-पाच माणसं गुरुवारी दुपारी एका खोलीत बसायचो.

एकदा घरी फोनवर मी कोणाला तरी म्हणालो, “आज बाईंनी दोन ऑपरेशनं उडवली.” तर आई स्वयंपाकघरातून धावत आली. “कोणाचं रे? सीरियस आहे का?”

तिला मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, “मग एवढं काय भांडता? घाला की दोन जास्त.”

सगळ्यांचं हेच म्हणणं असायचं. घाला की दोन जास्त. बाई एकट्याच निराळ्या. कोणी नवीन ऑपरेशन सुचवलं की त्या आधी पूर्ण ऐकून घेत. मान हलवत नसत, मधे बोलत नसत. मग विचारत, “हे नसलं तर कोण मरेल?”

समोरचा गडबडून जायचा. “मरेल असं नाही मॅडम, पण सोयीचं पडेल.”

“मग नको.”

संपलं. त्या उठून फळ्यावरचं ते नाव पुसत. डस्टर समोर असायचा, पण त्या ओढणीच्या टोकाने पुसत. त्यांच्या सगळ्या ओढण्यांच्या एका टोकाला मार्करचे निळे-काळे डाग असत आणि ते त्या धुऊन काढायच्या फंदात पडत नसत.

त्यांचं म्हणणं असं, की क्रियापद एकदा भाषेत आलं की काढता येत नाही. कोणीतरी ते वापरायला लागतं. मग ते चुकीचं असलं तरी जन्मभर सांभाळावं लागतं. “आत घ्यायला एक गुरुवार पुरतो,” त्या म्हणायच्या, “बाहेर काढायला तुमची नोकरी पुरणार नाही.”

बाकीच्या आयुष्यातही हेच. वाढदिवसाचा केक नको. खिडकीतून तलाव दिसणारी जागा नको. तलावाकडे पाठ करून बसत. ऑफिसच्या सहलीला नको. चहा नको, गरम पाणी. आमच्यात टेस्टिंगला एक मालवणी गडी होता, भारी बोलका. तो त्यांना म्हणायचा, “बाईनू, दिवाळेक फराळ तरी करतास मां? काय तां पण नको?”

“चकली करते,” त्या गंभीरपणे म्हणत. “बाकीचं नको.”

डब्यांवर मात्र त्यांचा जीव होता. सकाळी आल्या की पर्स ठेवायच्या आधी लॅबमध्ये जात आणि ओळीने मांडलेल्या डब्यांच्या पाठीवर तळहात ठेवत जात. आई तापल्या पोराला बघते तसं. “हा तापलाय,” म्हणत. आणि तो तापलेला असायचा.

त्यांना खोटं खपत नसे, आणि डब्याचं खोटं तर मुळीच नाही. पुसून टाकायचं ऑपरेशन आम्ही ठरवत होतो तेव्हाची गोष्ट. मी म्हणत होतो, जे पुसायला सांगितलंय ते डब्यात मुळात नसेलच, तर डब्याने गपचूप ‘झालं’ म्हणावं. काय बिघडलं? शेवटी हवं होतं तेच झालं ना.

बाई म्हणाल्या, “पुसण्याआधी पुसा.”

कोणालाच कळेना. मालवणी म्हणाला, “बाई, फळा का?”

“आमच्या गावाकडं पुसणं म्हणजे विचारणंही. आई फोनवर अजून म्हणते, जेवलीस का म्हणून पुसत होते. जे पुसून टाकायचं ते आहे का, हे डब्याने आधी बघायचं. नसेल तर ‘नव्हतंच’ असं सांगायचं. न केलेल्याला ‘केलं’ म्हणायची सवय त्याला लावू नकोस. उद्या केलेल्यालाही ‘नाही केलं’ म्हणेल.”

तेव्हा त्या मला अरे-तुरे करत. मी त्यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान, आणि काम त्यांच्याच हाताखाली शिकलो. माझं एक लाडकं ऑपरेशन होतं. एका डब्यातलं सगळं जसंच्या तसं दुसऱ्या डब्यात उतरवायचं. मी त्याच्यावर सुट्टीचे दिवस घालवले होते, घरी बसून सगळं लिहून आणलं होतं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

“नको. नक्कल केली की चूकही जाते सोबत.”

ओढणी फिरली. फळा कोरा. कॅन्टीनमध्ये मी ते नाव ठेवलं ते त्याच दुपारी.

पुढे त्यांचे वडील गेले. घाटकोपरला असल्फाच्या डोंगरावर त्यांचं घर होतं, अगदी वर. आम्ही चार-पाच जण भेटायला गेलो. मालवणी आणि दुसरे लोक बाहेर गल्लीत उभे राहिले, मी दारापर्यंत गेलो. वडील माथाडी कामगार, मूळचे साताऱ्याकडचे. आत बायका दाटीने बसल्या होत्या, मधोमध बाई, कोरड्या डोळ्यांनी. तेवढ्यात गावाहून त्यांची आत्या येऊन पोचली. म्हातारी उंबऱ्यातच कोसळली आणि हात पसरून ओरडली, “नकुसा! अगं नकुसा, अण्णा गेलं गं!”

बाई उठल्या आणि तिच्या गळ्यात पडल्या.

मला कळायला क्षणभर लागला. त्या बाजूला मुलीवर मुली झाल्या की नव्या मुलीचं नाव नकुसा ठेवायची पद्धत होती. नको असताना आलेली. निदान पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी चांगलंसं दुसरं लिहून दिलं असणार, आणि तेच पुढे पदवीवर, आमच्या ऑफिसच्या दारावरच्या पाटीवर आलं. आणि मी, काहीही ठाऊक नसताना, कॅन्टीनमध्ये इडली खात, त्यांचं पाळण्यातलं नाव बरोब्बर शोधून काढलं होतं.

निघताना त्या उतारापर्यंत सोडायला आल्या. बाकीचे पुढे गेले होते. त्या मला म्हणाल्या, “ऐकलंस ना?”

“काय मॅडम?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “काही नाही. सांभाळून उतर, पायऱ्या ओल्या आहेत.”

हे मी ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. त्यांची अब्रू राखली असं मी मनाशी म्हणत होतो. पण ते नाव बंद करा रे, एवढंही मी म्हटलं नाही, कारण मग कारण सांगावं लागलं असतं. पुढच्या गुरुवारी कोणीतरी “नकोबाई आल्या का?” विचारलं, आणि मी नेहमीसारखा हसलो. त्या दारातच उभ्या होत्या.

त्यानंतर वर्षभरात मला टीमचा प्रमुख केलं. त्यांना डावलून. साहेबांचं म्हणणं, बाई हुशार आहेत पण ग्राहकापुढे नेता येत नाही, ग्राहकालाही नको म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये त्या मला म्हणाल्या, “तुम्ही तो कोपऱ्यातला डबा बघितलात का?” मी मागे वळून बघितलं, कोणाशी बोलतायत म्हणून. मागे कोणी नव्हतं. मी म्हणालो, “मॅडम, मला काय अहो-जाहो करताय?” तर म्हणाल्या, “रीत आहे.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

आणि मग तो गुरुवार. भाषा जवळजवळ ठरली होती. आठवड्याभरात ती ग्राहकाला दाखवायची होती. मी म्हटलं, कोणाला काही शेवटचं? आणि बाईंनी हात वर केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“एक हवं आहे,” त्या म्हणाल्या.

मालवणी खुर्चीतून उठूनच उभा राहिला. “काय बोलल्या? परत बोला!”

सगळे हसले. त्या पण जरा हसल्या आणि फळ्याजवळ गेल्या. म्हणाल्या, समजा आपण डब्याला बदल पाठवला आणि चूक अशी झाली की ज्या वाटेने आपण त्याच्याशी बोलतो तीच वाट बंद पडली. आता चूक दुरुस्त करायलाही वाट नाही. म्हणून डब्याने बदल लागू करावा, पण पक्का करू नये. थोडा वेळ थांबावं. आपण पुन्हा हाक मारून ‘ठीक आहे’ म्हटलं तरच पक्का. हाक आली नाही, तर काहीतरी तुटलं असं समजून त्याने आपण होऊन पहिल्यासारखं व्हावं.

“लॅचचं दार असतं ना,” त्या म्हणाल्या. “बाहेर पडल्यावर ओढून घेण्याआधी आपण किल्ली चाचपतो. तेवढंच.”

उत्तम होतं. मला ते पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. करायला वेळ लागला असता, ग्राहकाची तारीख पुढे गेली असती, हे खरं. पण ते काही मुख्य कारण नव्हतं. मुख्य कारण मी आज पहिल्यांदा लिहितोय. त्या फळ्यासमोर उभ्या होत्या, मागणाऱ्याच्या जागी, आणि मी ठरवणाऱ्याच्या. ती संधी मला सोडवली नाही.

मी म्हणालो, “मॅडम, हे नसलं तर कोण मरेल?”

खोलीत हशा उसळला. मालवण्याने टेबलावर थाप मारली. बाईंनी मात्र तो प्रश्न थट्टा म्हणून घेतला नाही. खरंच विचार केला. मार्कर मोजत असल्यासारख्या उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, “कोणी नाही, बहुधा.”

“मग नको,” मी म्हणालो.

त्यांनी ओढणीचं टोक हातात घेतलं आणि स्वतः लिहिलेलं स्वतः पुसलं.

पुढचं सांगायला अवघड काहीच नाही, अशा गोष्टी सगळीकडे होतात. आमचे डबे उपनगरातल्या एका रुग्णालयात बसवले. एका दुपारी त्यांचे पत्ते बदलायचे होते. बदल मी लिहिला होता. मी अंधेरीहून टॅक्सीने परतत होतो, पवईच्या रस्त्यावर गाड्या तुंबलेल्या, आणि बाईंचा फोन आला.

“तुम्ही तपासलंय ना हे? तिसरी ओळ मला पटत नाही.”

“तपासलंय हो मॅडम. पाठवा.”

“नक्की?”

“अहो पाठवा ना, ते लोक थांबलेत!”

मी तपासलं नव्हतं. त्यांनी पाठवला. तिसऱ्या ओळीने आमचीच वाट बंद केली आणि सगळ्या मजल्यांवरचे डबे एका दमात मुके झाले. केसपेपर निघेनात, रिपोर्ट दिसेनात, खाली रांग दारापर्यंत. ऑफिसात बसून आता काहीच करता येत नव्हतं. प्रत्येक डब्याजवळ जाऊन वायर लावून त्याला हाताने परत आणायचं, एवढाच उपाय. बाई लॅपटॉप घेऊन रिक्षाने गेल्या. मजल्यामागून मजला, जिन्याखालच्या कपाटांत वाकून वाकून, त्यांनीच ते केलं. लोक अंगावर ओरडत होते. एक बाप पोराचा रक्ताचा रिपोर्ट मागत त्यांच्या मागे मागे फिरत होता, असं मालवण्याने मला नंतर सांगितलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. “सगळे डबे बोलायला लागले. कोणी मेलं नाही.”

आणि ठेवला.

हे वाक्य मी नंतर स्वतःला पुष्कळदा ऐकवलं. कोणी मेलं नाही. ते खरंही आहे.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही सगळे. रुग्णालयाचा माणूसही होता, चेहरा दगडासारखा. साहेबांनी विचारलं, “बदल पाठवला कोणी?”

“मी,” बाई म्हणाल्या.

पाठवायला कोणी सांगितलं होतं, असं कोणी विचारलं नव्हतं.

साहेब म्हणाले, “ठीक आहे, चूक होते. पण असं झालं तर डब्याने आपोआप मागे यावं, अशी काही सोय या प्रोटोकॉलमध्ये का नाही? एवढी डोकी दर गुरुवारी बसता, कोणालाच सुचलं नाही?”

मालवणी बुटाकडे बघत होता. त्याला दोन मुलं होती आणि माझ्या हाताखाली काम करायचं होतं, मी त्याला दोष देत नाही. बाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. लॅबमध्ये डब्याकडून उत्तर यायची वाट बघायच्या, तशा.

मी म्हणालो, “नाही साहेब. तेव्हा हा मुद्दा आला नव्हता.”

साहेब त्यांच्याकडे वळले. “मॅडम, तुम्हाला काही बोलायचंय?”

“नको,” त्या म्हणाल्या.

महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. सोडली म्हणायचं. रुग्णालयाला कोणाची तरी नोकरी गेलेली हवी होती. निरोपाचा केक मी आणवला, आणि त्यांनी तो कापला, एक तुकडा खाल्लासुद्धा. ते बघवत नव्हतं.

नंतर ते ऑपरेशन भाषेत आलंच. मीच लिहिलं, त्यांनी फळ्यावर सांगितलं होतं अगदी तसं. लोकांना फार आवडलं. मी वर चढत गेलो. मधे बरीच वर्षं गेली, ऑफिस मोठं झालं, नवी पोरं आली. यंदा एका समारंभात त्यातल्या एका मुलीने माझ्याबद्दल भाषण केलं. म्हणाली, सरांची दूरदृष्टी बघा, चूक होणारच हे धरून सरांनी मागे फिरायची वाट ठेवली. टाळ्या. माझी बायको पहिल्या रांगेत डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. ते आता थकलेत. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अरे, कशाला उकरून काढतोस? बरं, असं कर, बोलव त्यांना. सल्लागार म्हणून येऊ देत. त्यांचंही काम होईल, तुझंही मन हलकं होईल.”

मला ते फार बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. दुरुस्ती सापडली असं वाटलं.

बाई आता मुलुंडला राहतात, मोठ्या बहिणीसोबत. मालवण्याने पत्ता दिला. गेलो तेव्हा त्या जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे. “या,” म्हणाल्या, जशा काही माझी वेळ ठरलेलीच होती. बहिणीने पाणी आणलं आणि ती आत गेली.

मी सगळं बोललो. कॅन्टीनमधल्या नावापासून. टॅक्सीतला फोन, केबिनमधलं ते वाक्य, त्याआधीच्या गुरुवारचं माझ्या मनातलं खरं कारण. त्या निवडत राहिल्या. देठ एकीकडे, पानं एकीकडे. सगळं झाल्यावर साहेबांचा निरोप सांगितला.

“आता कशाला,” त्या म्हणाल्या. “मुली येतात गणिताला, त्यांच्या परीक्षा आहेत.”

मग दुसरी जुडी सोडत म्हणाल्या, “त्या दिवशी केबिनमध्ये मी तुमच्याकडे का बघत होते, माहितीये?”

“मी खरं बोलावं म्हणून.”

“हो, पण पुढचं मी ठरवून आले होते. तुम्ही म्हणाला असतात की बाईंनी सुचवलं होतं आणि मी नाही म्हटलं, तर मी लगेच म्हणणार होते, साहेब, मीसुद्धा जोर लावला नाही. कोण मरेल विचारल्यावर मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे नकार दोघांचा. मग साहेब काय करणार होते? दोघांना काढलं नसतं त्यांनी.”

एवढंच होतं ते. एक वाक्य बोललो असतो तर त्या राहिल्या असत्या, मीही राहिलो असतो, आणि लॅबमध्ये सकाळी डब्यांवरून तो हात फिरत राहिला असता.

त्या उठल्या, मेथी आत नेऊन ठेवली, हात धुऊन आल्या. मी निघालो. दारात मला राहवलं नाही. मी म्हणालो, “मॅडम, तुम्ही चिडत का नाही माझ्यावर? काहीतरी बोला. शिव्या द्या.”

त्यांनी खरंच आठवून बघितल्यासारखं केलं.

“चिडले होते की,” त्या म्हणाल्या. “खूप चिडले होते. दोन-तीन वर्षं तर झोप नव्हती. दाराची बेल वाजली की वाटायचं, तुम्हीच असाल. काय काय बोलायचं ते सगळं तयार होतं माझ्याकडे.” ओल्या हातांनी त्यांनी कडी काढली. “तेव्हा तुम्ही आला नाहीत.”